विश्लेषण : ‘एएनए पॉझिटिव्ह’ म्हणजे ल्युपस झालाच का?

सांधे दुखतात, केस गळतात, ताप हटत नाही म्हणून रक्त तपासले आणि अहवालात ‘एएनए पॉझिटिव्ह’ आले, की घरात काळजी सुरू होते. पुण्यात ही तपासणी आता सहज होते. पण या निष्कर्षाचा अर्थ काय?

तपासणीत काय पाहतात?
रोगजंतूंशी लढणारी प्रतिपिंडे कधी कधी शरीराच्याच पेशींवर उलटतात. ती स्वप्रतिपिंडे. त्यातली पेशीकेंद्रकाविरुद्धची प्रतिपिंडे म्हणजे एएनए. रुग्णाच्या रक्तातील सीरम पातळ करून काचपट्टीवरील मानवी पेशींवर टाकतात. प्रतिपिंडे चिकटली असतील तर सूक्ष्मदर्शकाखाली केंद्रक हिरवे चमकते. १:८० म्हणजे ८० पट पातळ करूनही चमक दिसली.

निरोगी व्यक्तीतही आढळते?
होय. १९९७ मधील एका आंतरराष्ट्रीय अभ्यासात निरोगी व्यक्तींपैकी सुमारे १३ टक्के जण १:८० या पातळीला, तर सुमारे ३ टक्के जण १:३२० या पातळीला पॉझिटिव्ह होते. थायरॉइडचे विकार, काही संसर्ग, क्षयरोगावरील आयसोनियाझिडसारखी औषधे यांमुळेही एएनए आढळू शकते. उलट, ल्युपसच्या जवळपास सर्व रुग्णांत ते असते. म्हणून निगेटिव्ह अहवाल ल्युपसची शक्यता बरीच कमी करतो. पॉझिटिव्ह अहवाल मात्र ल्युपस सिद्ध करत नाही.

मग निदान कसे होते?
युरोप-अमेरिकेतील संधिवाततज्ज्ञांच्या संघटनांनी २०१९ मध्ये ठरवलेल्या निकषांत १:८० एएनए ही केवळ पहिली पायरी आहे. पुढे लक्षणे, मूत्रपिंडाची स्थिती आणि ‘अँटी-डीएसडीएनए’, ‘अँटी-स्मिथ’ यांसारखी ल्युपसशी अधिक निगडित प्रतिपिंडे यांना गुण दिले जातात. निकष पूर्ण होण्यासाठी किमान १० गुण आणि किमान एक लक्षण लागते.

रुग्णाची विचारपूस आधी, हे सूत्र पुणे जिल्ह्याला नवे नाही. इंदापूर तालुक्यातील भिगवण येथे १९९६ मध्ये डॉ. अरविंद चोप्रा यांच्या पुढाकाराने संधिवाताचे सर्वेक्षण झाले. त्यात चार हजारांहून अधिक प्रौढांची आधी घरोघरी चौकशी आणि मग गरजेनुसार तपासणी करण्यात आली.

दुर्लक्ष का नको?
ल्युपसच्या दहापैकी सुमारे नऊ रुग्ण स्त्रिया असतात, त्याही बहुधा तरुण वयातल्या. मूत्रपिंडाला इजा होत असताना सुरुवातीला काहीच दुखत नाही. लघवीतील प्रथिनांवरूनच ते कळते. ‘अँटी-रो’ प्रतिपिंडे असलेल्या गर्भवतींमध्ये बाळाच्या हृदयाच्या ठोक्यांवर लक्ष ठेवावे लागते. म्हणून लक्षणे असतील तर अहवाल घेऊन संधिवाततज्ज्ञांना भेटावे. आजाराचा चढउतार पाहण्यासाठी लघवी, डीएसडीएनए व ‘सी३-सी४’ या तपासण्या उपयोगी पडतात. त्यासाठी एएनए पुन्हा पुन्हा करण्याची गरज नसते.