सामन्याआधीची शिदोरी

अमेरिकेत मुलाकडे किंवा लेकीकडे उन्हाळा काढून आलेली वडीलधारी मंडळी परतली, की नायगारा, वॉशिंग्टन, डिस्नेची नगरी यांची वर्णने मोठ्या हौसेने करतात. बेसबॉलचा सामना पाहिलात का, असे विचारले तर मात्र उत्तर ठरलेले असते. "मुलं गेली होती. आम्ही घरीच राहिलो. तिथं आपल्याला खायला काय मिळणार?" आमच्या परिचयातील बडोद्याच्या एका आजींनी शिकागोत आपल्या नातवाला हेच सांगितले. नातू अकरा वर्षांचा. तो म्हणाला, "आजी, खायची खरी मजा मॅचच्या आधी असते, बाहेर. तू नुसती चल." त्याचे म्हणणे किती खरे होते, हे सांगण्यासाठीच हा लेखप्रपंच.

क्रिकेटच्या कसोटीत उपाहाराची आणि चहाची सुट्टी असते. डबा उघडायला सवड मिळते. बेसबॉलमध्ये तशी सोय नाही. नऊ डाव एकामागून एक होतात. सातव्या डावाच्या मध्यावर प्रेक्षक उठून हातपाय मोकळे करतात व एक जुने गाणे म्हणतात, तेवढाच विसावा. २०२३ पासून चेंडू टाकणाऱ्याला घड्याळाचे बंधन आल्यामुळे सामना बहुधा पावणेतीन तासांच्या आत आटोपतो. आतल्या खाण्याचे भावही खिशाला चटका लावणारे. तेव्हा जाणकार माणूस दोन तास आधी निघतो आणि स्टेडियमभोवतीच्या गल्ल्यांतून खातपीत आत जातो.

शिकागोच्या उत्तर भागातील रिग्ली फील्ड हे यासाठी आदर्श ठिकाण. १९१४ साली हे मैदान बांधले ते चार्ल्स वीघमन या गृहस्थाने, आणि हा गृहस्थ मुळात उपाहारगृहवाला! वेटरपासून सुरुवात करून त्याने शहरात झटपट जेवणाच्या दुकानांची मालिका उभी केली होती. त्या काळी विक्रेते प्रेक्षकांच्या डोळ्यांसमोर फिरून खेळात व्यत्यय आणीत. बसण्याच्या जागांमागे खाद्यपदार्थांचे कायमचे गाळे काढण्याचे श्रेय त्यालाच देतात. पुढे मैदान च्युइंग गमचे कारखानदार रिग्ली यांच्याकडे गेले व त्यांचेच नाव त्याला लाभले. खानावळवाल्याने बांधलेल्या मैदानाभोवती खाण्यापिण्याची वस्ती वाढावी, यात नवल ते काय?

पण खरे कारण दुसरेच आहे. अमेरिकेतील बहुतेक स्टेडियमांभोवती मोटारी उभ्या करण्याची विस्तीर्ण पटांगणे असतात. तेथे ना दुकान, ना घर. रिग्ली फील्ड मात्र क्लार्क, अ‍ॅडिसन, शेफील्ड आणि वेव्हलँड या चार रस्त्यांच्या मधोमध, राहत्या घरांना खेटून उभे आहे. मोटार ठेवायला जागा नाही, म्हणून लोक रेल्वेच्या रेड लाइनने अ‍ॅडिसन स्थानकावर उतरतात आणि चालत येतात. चालणाऱ्या माणसालाच दुकान दिसते. शिवाय येथे कित्येक वर्षे सामने फक्त दिवसा होत. दिव्यांची सामग्री १९४१ सालीच आणली होती, पण पर्ल हार्बरवर हल्ला झाला आणि ती युद्धकार्यासाठी देऊन टाकण्यात आली. त्यानंतर दिवे लागायला १९८८ चा ऑगस्ट उजाडावा लागला. आणि ८ तारखेला पहिला रात्रीचा सामना सुरू झाला, तो पावसाने धुऊन नेला! आजही येथील बरेच सामने दुपारी १ वाजून २० मिनिटांनी सुरू होतात. म्हणजे ऐन जेवणाच्या वेळी सारी गर्दी गल्लीत.

शेफील्ड व वेव्हलँडच्या कोपऱ्यावर 'मर्फीज ब्लीचर्स' नावाचे मद्यगृह आहे. ब्लीचर्स म्हणजे मैदानाच्या टोकाकडील उघड्या उन्हातील स्वस्त बाके. १९३० च्या दशकात येथे एक साधी टपरी होती आणि बिअर चक्क बादलीने मिळे. १९६० च्या दशकात उन्हातल्या बाकांवरील आरडाओरडा करणाऱ्या प्रेक्षकांचा प्रसिद्ध कंपू येथेच जमला. जवळच 'निसेई लाउंज' आहे. निसेई म्हणजे परदेशी जन्मलेली जपानी माणसांची दुसरी पिढी. महायुद्धात अमेरिकन सरकारने जपानी वंशाच्या नागरिकांना छावण्यांत डांबले. सुटल्यावर त्यांतील हजारो माणसे शिकागोत येऊन वसली. या अड्ड्याच्या नावात तेवढी आठवण उरली आहे. आपल्यासारख्या, पिढ्यान्‌पिढ्या मुलखाबाहेर राहिलेल्यांनी त्या पाटीपाशी क्षणभर थांबावे. मद्य न घेणाऱ्यालाही सरबत मिळते. मात्र मुले बरोबर असतील तर आधी विचारावे, कारण सामन्याच्या दिवशी काही ठिकाणी एकवीस वर्षांखालील कोणास आत घेत नाहीत. पांढऱ्या केसांच्या गृहस्थाकडेही वयाचा दाखला मागतात, त्याचा राग मानू नये.

आता मुख्य विषय, हॉट डॉग. १८९३ साली शिकागोत जे जागतिक प्रदर्शन भरले आणि ज्याच्या निमित्ताने झालेल्या सर्वधर्मपरिषदेत स्वामी विवेकानंद बोलले, त्याच प्रदर्शनात ऑस्ट्रिया-हंगेरीतून आलेल्या दोघा तरुणांनी आपली सॉसेजे विकली. त्यातूनच 'व्हिएन्ना बीफ' ही कंपनी उभी राहिली. पुढे १९२९ नंतरच्या मंदीत पाच सेंटांत माणसाचे पोट भरावे म्हणून गाडीवाल्यांनी पावात भाजीपाला कोंबायला सुरुवात केली, असे सांगतात. आजची रीत अशी: खसखस लावलेला मऊ पाव, त्यात सॉसेज, वर पिवळी मोहरी, डोळ्यांत भरणारी हिरवीगार गोड काकडीची चटणी, बारीक कांदा, टोमॅटोच्या फोडी, खारवलेल्या काकडीची लांब फाक, लोणच्यातल्या छोट्या मिरच्या आणि शेवटी सेलरीचे मीठ. टोमॅटोचे केचप मागाल तर गाडीवाला असा पाहील, की आपण पुरणपोळीवर लसणीची चटणी मागितली असावी!

येथे स्पष्ट सांगणे अवश्य आहे. नावातच म्हटल्याप्रमाणे हे सॉसेज गोमांसाचे असते. आपल्यातील बहुसंख्यांना ते चालणार नाही, आणि संकोचापायी न विचारता खाणे व मग मनात कुढणे यात शहाणपण नाही. पुष्कळ ठिकाणी शाकाहारी सॉसेज मिळते. ते त्याच तव्यावर भाजतात का, बटाटे कसल्या चरबीत तळतात, हे नि:संकोच विचारावे. कोणी हसत नाही. आणि खरे पाहता त्या पावाची सारी गंमत मोहरी-मिरची-काकडीत आहे. आत काय आहे, हा प्रश्न दुय्यम. हे माझे मत. शिकागोकर ते मान्य करणार नाहीत.

जाड काठाचा शिकागो पिझ्झा शाकाहारी मिळतो, परंतु तो भाजायलाच पाऊण तास लागतो. सामन्याच्या दिवशी त्याच्या नादी लागू नये.

याहून उत्तम उपाय म्हणजे घरची शिदोरी. या मैदानात स्वतःपुरते खाद्यपदार्थ आणि सीलबंद प्लास्टिकच्या बाटलीतले पाणी नेऊ देण्याची रीत आहे. काचेच्या बाटल्या व पेयांचे पत्र्याचे डबे चालत नाहीत. नियम बदलत असतात, तेव्हा निघण्यापूर्वी मुलांकडून खात्री करून घ्यावी. आजींनी बटाट्याची भाजी पोळीत गुंडाळून कागदात बांधली होती. दारावरच्या माणसाने पिशवीत डोकावून पाहिले आणि सोडले. ज्यांना गरम जेवणच हवे, त्यांनी सकाळीच डेव्हन अ‍ॅव्हेन्यू गाठावा. १९७४ साली तेथे पटेल बंधूंचे पहिले किराणा दुकान निघाले; आज तो सारा रस्ता भारतीय उपाहारगृहांनी गजबजलेला आहे.

आणि शेंगा! मैदानाबाहेर फेरीवाले भुईमुगाच्या भाजलेल्या शेंगांच्या पिशव्या आतल्यापेक्षा स्वस्त विकतात. बेसबॉल आणि शेंगा यांचे नाते जुने. सातव्या डावातल्या त्या १९०८ च्या गाण्यातही शेंगांचा उल्लेख आहे. त्याच गाण्यातले 'क्रॅकर जॅक', म्हणजे काकवीत घोळवलेल्या मक्याच्या लाह्या व दाणे, हाही शिकागोचाच माल, आपल्या चिक्कीचा दूरचा आप्त.

या गल्लीची एक मद्यविक्रेत्याची कथाही आहे. १९४५ च्या जागतिक मालिकेच्या वेळी विल्यम सियानिस नावाचा ग्रीक मद्यगृहवाला आपला बोकड घेऊन आला. बोकडाला बाहेर काढले, तेव्हा त्याने शाप दिला म्हणतात. शिकागो कब्ज संघाने १९०८ नंतर अजिंक्यपद मिळवले ते थेट २०१६ मध्ये, म्हणजे १०८ वर्षांनी. बेसबॉलच्या चेंडूलाही टाके १०८. जपमाळ ओढणाऱ्यांनी काय तो अर्थ लावावा.

परंतु ही वस्ती आता पूर्वीसारखी राहिलेली नाही. २००९ मध्ये रिकेट्स कुटुंबाने संघ व मैदान विकत घेतले. समोरच्या घरांच्या गच्च्यांवरून सामने दाखवण्याचा शेजाऱ्यांचा धंदा होता. २००४ च्या करारानुसार ते उत्पन्नातले १७ टक्के संघाला देत. पुढे फलकाने दृश्य अडते म्हणून गच्चीवाले न्यायालयात गेले व हरले; बहुतेक गच्च्या आज त्याच कुटुंबाच्या हाती आहेत. २०१८ मध्ये मैदानासमोर भव्य हॉटेल उभे राहिले, शेजारी चौक झाला. चौक स्वच्छ आहे, लेकरे तेथे मजेत खेळतात, बसायला जागा आहे. वृद्धांची सोयच झाली, हे कबूल केले पाहिजे. पण खाण्यापिण्याचा जो पैसा गल्लीतल्या अनेक गल्ल्यांत विखरून जाई, तो आता एकाच तिजोरीकडे वळू लागला आहे. चौकात बसावे, पण विकत घ्यावे ते पलीकडच्या जुन्या दुकानातून, असा आमचा पक्ष.

शहराच्या दक्षिणेकडील व्हाइट सॉक्स संघाच्या मैदानाभोवती अशी वस्ती नाही. तेथे जाणाऱ्यांनी एक स्थानक अलीकडे, चायनाटाउनात उतरून जेवावे. उत्तरेला दीडशे किलोमीटरवरच्या मिलवॉकीत तर लोक पटांगणात मोटारीमागे शेगडी पेटवून स्वतःच रांधतात. तेथे चार मराठी कुटुंबांनी मिळून कणसे भाजावीत. शेजारचे लोक वासाने गोळा होतील.

आजींचे सांगायचे राहिले. सामना त्यांना फारसा कळला नाही. नातवाने अर्धी पोळी खाल्ली, आजींनी त्याच्या शाकाहारी हॉट डॉगमधली मिरची चाखून पाहिली आणि "बरी आहे, पण आपल्यासारखी नाही" असा निर्वाळा दिला. सातव्या डावाला त्या उठून उभ्या राहिल्या. शेंगांची टरफले तेथे सारे पायांशीच टाकतात; आजींना ते जमेना. त्यांनी ती रुमालात बांधली आणि रेल्वेने घरी आणली.