चर्चमधील अत्याचाराची तक्रार : नियम कोणते, अडचण कुठे?

नवी दिल्ली : बिशपविरुद्धची तक्रार कोणी घ्यायची, कोणी तपासायची आणि किती दिवसांत, याची जगभर लागू होणारी एकच कार्यपद्धती कॅथलिक चर्चमध्ये २०१९ पर्यंत नव्हती. ही उणीव भारतात ठळकपणे दिसली ती त्याआधीच्या वर्षी, केरळमध्ये.

कोट्टायम जिल्ह्यातील कुरविलंगाडच्या मठात राहणाऱ्या एका धर्मभगिनीने जून २०१८ मध्ये जालंधरचे तत्कालीन बिशप फ्रँको मुलक्कल यांच्याविरुद्ध पोलिसांत बलात्काराची तक्रार दिली. चर्चमधील वरिष्ठांकडे आधी दाद मागूनही उपयोग झाला नाही, असे तिचे म्हणणे होते. सप्टेंबरमध्ये तिच्या सहकारी धर्मभगिनी कोचीत उच्च न्यायालयाजवळ धरणे धरून बसल्या. २१ सप्टेंबरला मुलक्कल यांना अटक झाली. त्यांनी आरोप सुरुवातीपासूनच फेटाळले होते. कोट्टायमच्या न्यायालयाने १४ जानेवारी २०२२ रोजी त्यांची निर्दोष मुक्तता केली. त्या निकालाला केरळ उच्च न्यायालयात आव्हान देण्यात आले. जून २०२३ मध्ये त्यांनी बिशपपदाचा राजीनामा दिला.

निकाल बाजूला ठेवला तरी तक्रारदाराची स्थिती समजून घेण्यासारखी आहे. ‘मिशनरीज ऑफ जीझस’ हा तिचा धर्मसंघ जालंधर धर्मप्रांताच्याच अखत्यारीतला. म्हणजे ज्यांच्यावर आरोप, त्यांचाच संघावर अधिकार. धर्मभगिनीने निर्धनतेचे आणि आज्ञापालनाचे व्रत घेतलेले असते. तिच्या नावावर घर नसते, बचत नसते; काम, बदली, औषधपाणी सारे संघ ठरवतो. अशा व्यक्तीने वरिष्ठाविरुद्ध तोंड उघडायचे तर आधी डोक्यावरच्या छपराचा विचार करावा लागतो. धरण्यात सहभागी झालेल्या भगिनींच्या नावे पुढे बदलीचे आदेश निघालेच. तेव्हा जालंधरचे प्रशासक असलेले, मुंबईचे निवृत्त सहायक बिशप आग्नेलो ग्रेशियस यांनी, खटल्यासाठी गरज असेपर्यंत त्यांना मठ सोडावा लागणार नाही, असे पत्र दिले. साक्षीदारांचा निवारा असा एखाद्या वरिष्ठाच्या पत्रावर अवलंबून असावा, हे या व्यवस्थेचे खरे दुखणे.

पोप फ्रान्सिस यांनी मे २०१९ मध्ये ‘व्होस एस्टिस लुक्स मुंडी’ हा आदेश काढला. मार्च २०२३ मध्ये काही सुधारणांसह तो कायम करण्यात आला. अत्याचाराची किंवा तो दडपल्याची माहिती मिळाल्यास धर्मगुरू व धर्मभगिनींनी ती चर्चच्या अधिकाऱ्यांना कळवणे त्यानुसार बंधनकारक आहे. कन्फेशनमध्ये कळलेली गोष्ट तेवढी अपवाद. अधिकाराचा गैरवापर करून प्रौढांवर केलेले लैंगिक अत्याचारही त्यात येतात. तक्रारदारावर मौनाची अट घालता येत नाही, तक्रार केल्याबद्दल कोणावर सूडही उगवता येत नाही. मात्र बिशपवरील आरोपाची चौकशी सामान्यतः त्या प्रांताच्या आर्चबिशपनेच, व्हॅटिकनच्या संमतीने करायची असते. पोलिसांकडे जाण्याची सक्ती आदेशात नाही. त्या त्या देशाचा कायदा पाळावा, एवढेच त्यात म्हटले आहे.

ही समस्या एकाच पंथापुरती नाही. अँग्लिकन चर्चचे सर्वोच्च धर्मगुरू, कँटरबरीचे आर्चबिशप जस्टिन वेल्बी यांनी नोव्हेंबर २०२४ मध्ये पद सोडण्याचे जाहीर केले. ख्रिस्ती शिबिरे चालवणारे वकील जॉन स्मायथ यांनी शंभराहून अधिक मुले व तरुणांवर केलेल्या अत्याचारांची माहिती २०१३ मध्ये मिळूनही वेल्बी यांनी पुरेसा पाठपुरावा केला नाही, असा ठपका स्वतंत्र चौकशी अहवालात होता. स्मायथ यांचा २०१८ मध्येच मृत्यू झाला होता, खटला उभा राहण्यापूर्वी.

भारतात बालकांच्या बाबतीत कायदा अधिक कठोर आहे. ‘पॉक्सो’ कायद्याच्या कलम १९ नुसार गुन्ह्याची माहिती असलेल्या प्रत्येकाने ती पोलिसांना कळवलीच पाहिजे. हाताखालच्या व्यक्तीचा गुन्हा न कळवणाऱ्या संस्थाप्रमुखाला कलम २१ नुसार एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. धर्मसंस्थांना यातून सूट नाही. प्रौढ धर्मभगिनीसाठी मात्र वरिष्ठांवर अशी सक्ती नाही. पोलीस ठाण्याची पायरी तिला सहसा स्वतःच चढावी लागते.