इलेक्ट्रोस्टॅटिक हेडफोन: मेळावा श्रोत्यांचा, कसोटी कानांची

एखाद्या हॉटेलचे मध्यम आकाराचे सभागृह. लांब टेबलांवर दहाबारा यंत्रे मांडलेली. प्रत्येक यंत्रापुढे एक खुर्ची, खुर्चीवर डोळे मिटून बसलेला श्रोता आणि त्याच्या मागे आपली पाळी येण्याची वाट पाहणारे तिघे-चौघे. मेळावा संगीत ऐकणाऱ्यांचा; पण सभागृहात गाणे असे कुठलेच नीट ऐकू येत नाही. ते ज्याच्या त्याच्या कानात चालू असते. न्यूयॉर्क, लंडन, सिंगापूर, शांघाय अशा शहरांत भरणाऱ्या ‘कॅनजॅम’ प्रदर्शनांत आणि त्याहून लहान अशा घरगुती बैठकींतही हे दृश्य दिसते. या मंडळींपैकी सर्वांत चोखंदळ, आणि खर्चाच्या बाबतीत सर्वांत धाडसी, असा एक गट असतो. तो ‘इलेक्ट्रोस्टॅटिक’ हेडफोन आणि त्यांना चालवणारे खास ॲम्प्लिफायर यांची तुलना करण्यासाठी जमतो.

मोटारीच्या किमतीशी स्पर्धा करणारा हेडफोन म्हणजे निव्वळ श्रीमंती चोचले, असे बाहेरच्या माणसाला वाटणे स्वाभाविक आहे. परंतु या छंदाच्या मुळाशी एक सुंदर भौतिकी तत्त्व आहे, आणि अशा मेळाव्यांच्या मुळाशी एक अवघड प्रश्न आहे. दोन यंत्रांतला जो फरक कानाला जाणवतो, तो यंत्रात किती असतो आणि ऐकणाऱ्याच्या मनात किती?

पडदा, दोन जाळ्या आणि स्थिर वीज

नेहमीच्या हेडफोनमध्ये एक लहान चुंबक असतो, त्याच्या क्षेत्रात तारेचे वेटोळे असते आणि ते वेटोळे एका पडद्याला चिकटवलेले असते. वेटोळ्यातून वीज वाहिली की ते पुढेमागे हलते आणि पडद्याला ढकलते. मात्र जोर लागतो तो वेटोळे चिकटवलेल्या कड्यापाशीच. पडद्याचा उरलेला भाग त्या हालचालीमागे ओढला जातो, आणि काही स्वरांना त्याचे वेगवेगळे भाग वेगवेगळ्या रीतीने थरथरतात.

इलेक्ट्रोस्टॅटिक रचनेत वेटोळेही नाही आणि चुंबकही नाही. एक ते दोन मायक्रॉन जाडीची प्लॅस्टिकची पातळ फिल्म ताणून बसवलेली असते. माणसाचा केस याच्या कितीतरी पट जाड असतो. या फिल्मवर विद्युतभार साठावा म्हणून तिला विशेष लेप दिलेला असतो. तिच्या दोन्ही बाजूंना, मिलिमीटरच्या अंशाइतक्या अंतरावर, धातूच्या दोन सच्छिद्र जाळ्या असतात. फिल्मला काही शे व्होल्टचा कायम दाब दिला जातो. संगीताचा संकेत मात्र जाळ्यांना मिळतो. एक जाळी फिल्मला ओढते त्याच क्षणी दुसरी ढकलते. हा जोर फिल्मच्या संपूर्ण पृष्ठभागावर सारखा पडतो, आणि फिल्म इतकी हलकी असते की आवाज थांबला की तीही जवळजवळ तत्काळ थांबते.

याचा कानाला होणारा परिणाम भारतीय श्रोत्याला समजावायचा तर तानपुऱ्याचे उदाहरण घ्यावे. तानपुऱ्याची तार छेडली की जवारीमुळे तिच्यातून उपस्वरांची एक लांब साखळी उलगडत जाते. साधारण हेडफोनवर ती एक गुंजारव म्हणून ऐकू येते. चांगल्या इलेक्ट्रोस्टॅटिक हेडफोनवर त्या गुंजारवाचे पदर सुटे होऊ लागतात, आणि पेटीच्या भात्याचा श्वास किंवा तबल्याच्या चाटेवर बोट टेकल्याची चाहूलही लागते. उलटपक्षी तबल्याच्या डग्ग्याची छातीत जाणवणारी घुमक देण्यात हे हेडफोन अनेकांना हात आखडणारे वाटतात. मतभेदाची पहिली जागा हीच.

मायक्रोफोनकडून कानाकडे

हे तत्त्व नवे नाही. वेस्टर्न इलेक्ट्रिकच्या ई. सी. वेंट यांनी १९१६ साली कंडेन्सर मायक्रोफोन तयार केला, तो याच तत्त्वावर, पण उलट दिशेने: तिथे हवा पडद्याला हलवते आणि त्यातून वीज मिळते. १९५७ साली ब्रिटनच्या क्वाड कंपनीने पीटर वॉकर यांचा इलेक्ट्रोस्टॅटिक लाउडस्पीकर बाजारात आणला. हेडफोनच्या रूपात हे तंत्र रुजवले ते जपानच्या स्टॅक्स कंपनीने. तिच्या एसआर-१ या हेडफोनची विक्री १९६० च्या सुमारास सुरू झाली. कंपनी त्याला हेडफोन न म्हणता ‘इअरस्पीकर’ म्हणते. तो शब्द तिने आजतागायत सोडलेला नाही. अमेरिकेत मिलवॉकीच्या कॉस कंपनीने १९६० च्या दशकाच्या अखेरीस ईएसपी-६ आणला.

जर्मनीच्या सेनहायझरने १९९० च्या दशकाच्या आरंभी ‘ऑर्फियस’ हा संच काढला आणि त्याचे केवळ ३०० नग बनवले. २०१५ साली जाहीर झालेल्या त्याच्या उत्तराधिकाऱ्याची, ‘एचई १’ची, किंमत सुमारे ५०,००० युरो होती आणि त्याच्या ॲम्प्लिफायरचे कवच संगमरवराचे होते. स्टॅक्सचे १९९८ मधले एसआर-००७, २०११ मधले एसआर-००९ आणि २०२१ मधले एसआर-एक्स९००० हे या जगातले नेहमीचे मानकरी. यांतील शेवटच्याची किंमत सहा हजार डॉलरच्या वर, आणि त्यात ॲम्प्लिफायर धरलेला नाही. दुसऱ्या टोकाला, १९९० पासून बनत आलेला कॉसचा ईएसपी/९५० ॲम्प्लिफायरसकट हजारेक डॉलरच्या घरात मिळत आला आहे. जाणकारांच्या बैठकीत तो महागड्या संचांशेजारी मुद्दाम ठेवला जातो.

ॲम्प्लिफायरवर एवढा वाद का?

मोबाइलला साधा हेडफोन जोडला की एखाद्या व्होल्टच्या आतच पुरेसा आवाज मिळतो. इलेक्ट्रोस्टॅटिकचे गणित निराळे आहे. एसआर-००९ ला १०१ डेसिबल आवाजासाठी १०० व्होल्टचा संकेत लागतो. आणखी १० डेसिबल हवे असतील, तर त्याच्या तिपटीहून अधिक, म्हणजे ३०० व्होल्टच्या पुढे जावे लागते. शिवाय फिल्मला दिला जाणारा स्थिर दाब स्टॅक्सच्या आजच्या हेडफोनांत ५८० व्होल्ट असतो.

विजेच्या दृष्टीने हा हेडफोन म्हणजे एक लहानसा कपॅसिटर. त्यातून वाहणारा प्रवाह स्वराच्या उंचीबरोबर वाढत जातो. २०० व्होल्टचा संकेत आणि ११० पिकोफॅरडची क्षमता धरली, तर १ किलोहर्ट्झला लागणारा प्रवाह नगण्य असतो; २० किलोहर्ट्झला तोच वीसपट होऊन पावणेतीन मिलिअँपिअरच्या आसपास जातो. आकडा लहान दिसतो, पण शेकडो व्होल्टच्या चढउताराबरोबर तो क्षणात पुरवायचा असतो. त्यामुळे एखादा ॲम्प्लिफायर संथ आलापीला उत्तम वाटूनही, संपूर्ण वाद्यवृंद उसळल्यावर दमछाक झाल्यासारखा वाटू शकतो. हा फरक मोजता येतो. तो भ्रम नव्हे.

या क्षेत्रात कंपन्यांइतकेच योगदान छंदिष्टांचे आहे. केविन गिलमोर यांनी आपल्या ॲम्प्लिफायरचे आराखडे सर्वांसाठी खुले केले आणि जगभरच्या हौशी मंडळींनी ते घरी बांधले. त्यांच्याच ‘ब्लू हवाई’ या आराखड्यावरचा, ईएल३४ व्हॉल्व्ह वापरणारा ॲम्प्लिफायर पुढे हेडॲम्प कंपनीने विक्रीस आणला. मेळाव्यात एखाद्या प्रतिष्ठित कंपनीच्या यंत्राशेजारी कुणीतरी वर्षभर खपून बनवलेली पेटी अभिमानाने मांडलेली असते, ती याच परंपरेतली. मात्र अशा पेट्यांत ४०० व्होल्टच्या घरातील वीज खेळत असते आणि यंत्र बंद केल्यावरही ती कपॅसिटरमध्ये काही काळ टिकून राहते. ती जीवघेणी ठरू शकते, म्हणून अनुभवी मंडळी नवशिक्याला या कामापासून आवर्जून दूर ठेवतात.

मेळाव्यातल्या फसव्या वाटा

आता मूळ प्रश्न. इतकी यंत्रे एका छताखाली आली म्हणजे तुलना सोपी व्हावी; प्रत्यक्षात ती तिथेच सर्वांत अवघड होते.

पहिली अडचण गोंगाटाची. बहुतेक इलेक्ट्रोस्टॅटिक हेडफोन दोन्ही बाजूंनी उघडे असतात. आतले बाहेर आणि बाहेरचे आत सहज ऐकू येते. ज्या सूक्ष्म तपशिलासाठी एवढा खर्च करायचा, नेमका तोच शेजारच्या गप्पांत बुडतो. म्हणूनच जाणकार मोठ्या प्रदर्शनापेक्षा कुणाच्या तरी घरी जमणारी आठ-दहा जणांची बैठक पसंत करतात.

दुसरी अडचण आवाजाच्या पातळीची, आणि फसवणुकीत हिचा हात सर्वांत मोठा. दोन यंत्रांपैकी एकाचा आवाज अर्ध्या-एक डेसिबलने जास्त असेल, तर कान त्याला ‘मोठा’ म्हणत नाही. ‘अधिक स्पष्ट’, ‘अधिक जिवंत’ असे म्हणतो. प्रत्येक यंत्राची आवाजाची कळ निराळी असल्याने, न मोजता केलेली तुलना बहुधा पातळीचीच तुलना ठरते.

तिसरी अडचण स्मरणशक्तीची. चाल वर्षानुवर्षे लक्षात राहते. आवाजाच्या पोताचा बारकावा मात्र काही सेकंदांतच विरू लागतो. एक हेडफोन काढून दुसरा चढवेपर्यंत पहिल्याची छबी पुसट झालेली असते. दुसऱ्या खोलीतल्या यंत्राशी किंवा गेल्या वर्षी ऐकलेल्या संचाशी केलेली तुलना किती विश्वासाची, हे यावरून ताडावे.

चौथी अडचण अपेक्षेची. किंमत ठाऊक असलेला, संगमरवर पाहिलेला, समोर यंत्राचा मालक उत्सुकतेने बसलेला असा श्रोता तटस्थ राहू शकत नाही. यात अप्रामाणिकपणा नाही. मेंदूचा स्वभावच तो आहे. २०१७ साली येरून ब्रेबार्ट यांनी २८३ हेडफोनांच्या मोजमापांवर आधारित अभ्यास प्रसिद्ध केला. हेडफोनचा निरनिराळ्या स्वरांना मिळणारा प्रतिसाद आणि त्याची किंमत यांत संबंध आढळत नाही, असा त्याचा निष्कर्ष होता. सगळे हेडफोन सारखेच, असा याचा अर्थ नव्हे. किमतीची चिठ्ठी पाहून आवाजाचा अंदाज बांधू नये, एवढाच त्याचा बोध.

प्रामाणिक तुलना कशी करावी?

उपाय साधे आहेत, पण चिकाटी मागतात. ॲम्प्लिफायरांची तुलना करायची तर हेडफोन एकच ठेवावा आणि ध्वनीचा उगमही एकच असावा. दोन्हींची पातळी कानाने न जुळवता उपकरणाने मोजून जुळवावी. व्हॉल्व्हच्या यंत्रांना तापायला अवधी द्यावा. नुकत्याच जोडलेल्या हेडफोनच्या फिल्मवर विद्युतभार पुरता साठेपर्यंतही थोडे थांबावे. तुकडा छोटा, ओळखीचा आणि प्रत्येक वेळी तोच असावा. आणि शक्य असेल तिथे, कोणते यंत्र चालू आहे हे ऐकणाऱ्याला कळू देऊ नये. दहा-पंधरा फेऱ्यांत तो सातत्याने यंत्र ओळखू शकला तर फरक खरा; अंदाज निम्म्याच वेळा बरोबर आला, तर नाणे उडवूनही तेच उत्तर मिळाले असते.

अशा आंधळ्या चाचणीने बैठकीतला रंग कधी कधी उतरतो. हेडफोन-हेडफोनांतला फरक बहुतेकांना सहज ओळखता येतो. पुरेशी ताकद असलेल्या दोन चांगल्या ॲम्प्लिफायरांतला फरक ओळखताना मात्र भल्याभल्यांची भंबेरी उडते. यातून व्यवहाराला उपयोगी सूत्र मिळते: पैसा आधी हेडफोनवर, मग त्याला पुरेशा पडणाऱ्या ॲम्प्लिफायरवर आणि त्यापुढे केवळ हौसेवर.

एक तांत्रिक दक्षताही हवी. स्टॅक्सच्या जुन्या हेडफोनांना २३० व्होल्टचा स्थिर दाब लागतो, नव्यांना ५८०. म्हणून जुना सहा पिनांचा प्लग नव्या पाच छिद्रांच्या सॉकेटमध्ये बसतच नाही, अशी सोय केलेली आहे. हौसेने बनवलेला जोड वापरून ही सोय मोडली, तर दुर्मीळ जुना हेडफोन कायमचा निकामी होऊ शकतो.

आपल्या दमट किनाऱ्यावर

गोव्या-कोकणातल्या रसिकाने आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. स्थिर विजेचा शत्रू म्हणजे ओलावा आणि धूळ. फिल्म आणि जाळी यांच्यामध्ये दमट धूळ शिरली की विद्युतभार झिरपू लागतो, चरचर ऐकू येते किंवा एका कानाचा आवाज उतरतो. चार महिन्यांच्या पावसात हे हेडफोन उघड्यावर टांगून ठेवणे परवडणारे नाही; कॅमेऱ्याच्या भिंगांप्रमाणे कोरड्या, बंद पेटीत त्यांची जागा असावी.

यंत्र जितके पारदर्शी, तितके ते मूळ ध्वनिमुद्रणाचे गुणदोष उघडे करते, याचेही भान असावे. केरीच्या केसरबाई केरकरांची ७८ फेऱ्यांची जुनी तबकडी अशा हेडफोनवर ऐकली, तर आवाजाचा पल्ला जसा समोर येतो तशी सुईची खरखरही येते. जे तबकडीत उतरलेच नाही, ते कितीही मोलाचा हेडफोन देऊ शकत नाही. आवाजाची पातळीही बेताची हवी. आठवड्याला ४० तास ऐकायचे तर सरासरी ८० डेसिबलच्या आत राहावे, असे जागतिक आरोग्य संघटनेचे मार्गदर्शन आहे. गमावलेली श्रवणशक्ती कोणत्याही ॲम्प्लिफायरने भरून निघत नाही.

तरीही या मेळाव्यांचे मोल कमी होत नाही. लाखो रुपयांची ही यंत्रे साध्या दुकानात ऐकायला मिळत नाहीत. परक्याला आपला जपलेला संच विनाशुल्क कानावर चढवू देणारा मालक आणि तो ऐकून ‘मला यात फरक जाणवला नाही’ असे मोकळेपणाने सांगणारा पाहुणा, ही दोन माणसे बैठकीत असली, की नवख्याचा पैसाही वाचतो आणि कानही तयार होतो. महागडे यंत्र ऐकून भारावून जाण्याऐवजी आपल्याला ते कितपत हवे आहे हे ठरवून तो घरी परतला, तर बैठक सार्थकी लागली म्हणायची.