दात भरला, पण बिल वाचता आले का?

भवानी पेठेतील एक भगिनी घरी विड्या वळतात. दाढ भरून आल्यावर त्यांच्या हाती बिल पडले : ‘३६ – एमओ – कॉम्पोझिट’. शेजारच्या मुलाने अर्थ लावला, ‘एम’ एक आणि ‘ओ’ एक, म्हणजे दोन दातांचे पैसे घेतले. बाईंनी त्या दवाखान्याकडे पुन्हा पाऊल टाकले नाही. प्रत्यक्षात दाढ एकच होती, तिच्या दोन बाजू किडल्या होत्या. पण या गैरसमजापायी दुसरी किडकी दाढ भरायची राहिली, ठणकू लागली आणि शेवटी काढावी लागली. बिल खोटे नव्हते. ते कोणी समजावून दिले नव्हते, एवढेच.

म्हणून हे बिल वाचायला शिकू या.

आकडा म्हणजे दाताचा पत्ता

दातांचे डॉक्टर तोंडाचे चार भाग करतात. आपला वरचा उजवा भाग १, वरचा डावा २, खालचा डावा ३ आणि खालचा उजवा ४. दुसरा आकडा समोरच्या मधल्या दातापासून मोजायचा, १ ते ८. म्हणजे ३६ ही खालच्या डाव्या बाजूची सहावी. आठवी ती अक्कलदाढ. लहान मुलांच्या दुधाच्या दातांसाठी पहिला आकडा ५ ते ८ असतो.

सहाव्या नंबरची दाढ मूल सहा वर्षांचे होताना येते. ‘दुधाची आहे, पडेल’ म्हणून पुष्कळ आईबाप तिच्याकडे दुर्लक्ष करतात. ती पडत नाही. ती जन्मभराची आहे.

अक्षर म्हणजे दाताची बाजू

‘ओ’ म्हणजे चावण्याची बाजू, ‘एम’ पुढच्या दाताला लागून असलेली, ‘डी’ मागच्या दाताला लागून असलेली, ‘बी’ गालाकडची आणि ‘एल’ जिभेकडची. जितक्या बाजू किडलेल्या, तितके काम जास्त; म्हणून पैसेही वाढू शकतात. ‘आयओपीए’ लिहिले असेल, तर तो दाताचा छोटा एक्स-रे.

मोबाईलवर शोधले की ‘डी २३९१’ असे आकडे दिसतात. ते अमेरिकेतील विम्याच्या बिलांचे आहेत. आपल्याकडच्या साध्या दवाखान्याच्या बिलावर ते नसतात, त्यामुळे ते नाहीत म्हणून घाबरू नये.

साधारण खर्च

खासगी दवाखान्यातील दर डॉक्टरागणिक बदलतात. ढोबळ अंदाज असा :

• जीआयसी (सिमेंट) : ५०० ते १,००० रुपये
• कॉम्पोझिट (दाताच्या रंगाचे) : ८०० ते २,००० रुपये
• कीड नसेपर्यंत गेली तर रूट कॅनाल : २,५०० ते ६,००० रुपये, वर कॅपचा खर्च वेगळा

‘टेम्पररी’ लिहिले असेल, तर ते तात्पुरते भरणे. त्यावर समाधान मानून थांबू नये, सांगितलेल्या तारखेला परत जावे. चांदीच्या रंगाच्या भरण्यात पारा असतो. १५ वर्षांखालील मुले, गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या महिला यांच्यासाठी ते टाळावे, असे पाऱ्याविषयीच्या मिनामाता आंतरराष्ट्रीय करारात २०२२ साली ठरले आहे.

वरचे दर पुन्हा पाहा. आज हजाराच्या आत होणारे काम वर्षभर टाळले, तर कॅपसकट पाच-दहा हजारांवर जाऊ शकते. दुखऱ्या दाढेत मिश्री किंवा तंबाखू दाबल्याने घटकाभर बधिरपणा येतो. कीड आत चालूच राहते.

कमी खर्चात कोठे?

छत्रपती शिवाजी महाराज सर्वोपचार रुग्णालयात, म्हणजे आपल्या ‘सिव्हिल’मध्ये, दंतविभाग आहे. सकाळी लवकर जाऊन केसपेपर काढावा. आधार आणि रेशनकार्ड जवळ ठेवावे. केगावच्या दंत महाविद्यालयात शिकणारे विद्यार्थी शिक्षकांच्या देखरेखीखाली काम करतात. अशा ठिकाणी वेळ जास्त लागतो, पण दर सहसा कमी असतात. घरातील कोणी कारखान्यात असून पगारातून ईएसआय कापला जात असेल, तर घरच्यांनाही त्या कार्डावर उपचार मिळतात. महात्मा फुले जनआरोग्य योजना मुख्यतः भरती होऊन घ्यायच्या उपचारांसाठी आहे. साधा दात भरण्यासाठी तिच्या भरवशावर राहू नये.

खुर्चीवर बसण्याआधी विचारा

१. कोणता दात, किती बाजू?
२. कशाने भरणार?
३. एक्स-रे धरून एकूण किती?
४. भरलेले लवकर निघाले तर पुन्हा पैसे लागतील का?

हे विचारणे म्हणजे उद्धटपणा नव्हे. दर आधी जाणून घेणे आणि तपशीलवार बिल मागणे हा रुग्णाचा हक्क आहे. बिलावर डॉक्टरांचे नाव आणि नोंदणी क्रमांक असावा. किडलेला दात भरणे हा उपचार आहे, त्यावर जीएसटी लागत नाही. लावला असेल तर कारण विचारावे. रस्त्याच्या कडेला बसून दात भरणाऱ्यांकडे मात्र स्वस्त पडते म्हणूनही जाऊ नये.

आपली मुले आज शाळा-कॉलेजात शिकत आहेत. आई-आजीच्या हाती दवाखान्याचा कागद आला, की तो त्यांनी वाचून दाखवावा. कळले नाही, तर अंदाज बांधू नये. त्याच डॉक्टरांना जाऊन विचारावे. त्या भगिनीची दाढ एवढ्या एका प्रश्नाने वाचली असती.