शालेय विज्ञान अध्यापनात लघुचित्रफितींचा उपयोग : मेणबत्तीच्या प्रयोगाच्या संदर्भात

प्रास्ताविक :

विज्ञान अध्यापनात दृक्‌श्राव्य साधनांचा वापर ही भारतीय शिक्षणक्षेत्राला नवी गोष्ट नाही. १ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६ या काळात 'साइट' या उपग्रह दूरचित्रवाणी प्रयोगाद्वारे सहा राज्यांतील सुमारे २४०० खेड्यांपर्यंत शैक्षणिक कार्यक्रम पोहोचविण्यात आले. मात्र प्रक्षेपण सुरू असताना ते थांबविणे किंवा एखादे दृश्य पुन्हा दाखविणे शिक्षकाच्या हाती नव्हते. आज दोन-चार मिनिटांची चित्रफीत शिक्षकाच्या मोबाइलवर उपलब्ध असते. २०१७ साली सुरू झालेल्या 'दीक्षा' या मंचावर पाठांशी जोडलेले साहित्य आहे. पुण्याच्या 'आयुका'मधील मुक्तांगण विज्ञान शोधिकेत अरविंद गुप्ता व त्यांच्या सहकाऱ्यांनी टाकाऊ वस्तूंपासून वैज्ञानिक खेळणी कशी करावीत हे दाखविणाऱ्या चित्रफिती मराठीसह अनेक भाषांत तयार केल्या. अशा साहित्याचा वर्गात नेमका कसा वापर व्हावा, याचा विचार प्रस्तुत लेखात एका परिचित प्रयोगाच्या आधारे केला आहे.

मेणबत्तीचा प्रयोग :

ताटलीतील पाण्यात मेणबत्ती उभी करून पेटवावयाची व तिच्यावर काचेचा पेला उपडा ठेवावयाचा. थोड्या वेळाने ज्योत विझते आणि पेल्यात पाणी चढते. याचे स्पष्टीकरण अनेक ठिकाणी असे दिले जाते की, हवेतील एक पंचमांश ऑक्सिजन जळून गेला व त्याची जागा पाण्याने घेतली. हे स्पष्टीकरण आकर्षक आहे, लक्षात राहणारे आहे आणि चुकीचे आहे. ऑक्सिजन जळताना कार्बन डायऑक्साइड तयार होतो. मेणासारख्या हायड्रोकार्बनच्या ज्वलनात वापरल्या गेलेल्या ऑक्सिजनच्या सुमारे दोन तृतीयांश आकारमानाइतका हा वायू निर्माण होतो आणि तेवढ्या अल्पावधीत तो पाण्यात फारसा विरघळत नाही. शिवाय पेल्यातील ऑक्सिजन संपतही नाही. त्याचे प्रमाण २१ टक्क्यांवरून सुमारे १६ टक्क्यांपर्यंत घटले की ज्योत विझते. पाणी चढण्याचे मुख्य कारण तापमान हे आहे. ज्योतीमुळे तापून प्रसरण पावलेली काही हवा पेल्याच्या कडेखालून बुडबुड्यांच्या रूपाने बाहेर जाते. ज्योत विझल्यावर आतील वायू थंड होऊन आकुंचन पावतात, बाष्पही काही प्रमाणात द्रवरूप होते आणि बाहेरील वातावरणाचा दाब पाण्याला आत ढकलतो.

येथे चित्रफितीचे सामर्थ्य दिसून येते. ऑक्सिजन संपणे हेच कारण असते, तर मेणबत्ती जळत असतानाच पाणी हळूहळू चढत गेले असते. प्रत्यक्षात बरेचसे पाणी ज्योत विझल्यानंतर झपाट्याने चढते. वर्गातील गलबल्यात हा क्षण निसटतो; चित्रफीत संथ करून तो दाखविता येतो. परंतु हीच चित्रफीत कापून जोडलेली असेल, बुडबुडे व मधले सेकंद गाळलेले असतील, तर ती चुकीच्या स्पष्टीकरणालाच पुरावा पुरविते. झगमगीत संकलन हा विज्ञानाच्या चित्रफितीचा गुण मानू नये.

पूर्वधारणांचा प्रश्न :

सिडनी विद्यापीठात डेरेक म्युलर व सहकाऱ्यांनी पदार्थविज्ञानाच्या ३६४ विद्यार्थ्यांवर केलेला अभ्यास २००८ मध्ये प्रसिद्ध झाला. न्यूटनच्या नियमांवरील ध्वनिचित्र पाठांपैकी काहींत केवळ शुद्ध विवेचन होते, तर काहींत प्रचलित चुकीच्या कल्पना मांडून त्यांची चर्चा केलेली होती. दुसऱ्या प्रकारचे पाठ पाहणाऱ्यांची प्रगती अधिक झाली. हे विद्यार्थी विद्यापीठातील होते, शाळेतील नव्हेत, हे ध्यानात ठेवावयास हवे. तथापि वर्गात मन कोरे ठेवून कोणी येत नाही, ही गोष्ट सातवीच्या वर्गालाही लागू पडते. नितळ विवेचन ऐकताना विद्यार्थ्याला "हे तर मला ठाऊकच आहे" असे वाटते आणि जुनी धारणा तशीच राहते.

म्हणून चित्रफीत सुरू करण्यापूर्वी अंदाज वहीत लिहून घेणे आवश्यक ठरते. एकाऐवजी तीन मेणबत्त्या पेटविल्या तर पाणी तितकेच चढेल की अधिक? पेला तोच, त्यातील ऑक्सिजनही तेवढाच. बहुतेक विद्यार्थी "तितकेच" असे उत्तर देतील. पाणी अधिक चढलेले दिसल्यावर वर्गात जी कुजबुज सुरू होते, तिला शिक्षकाने वेळ द्यावा. स्पष्टीकरणाची घाई करू नये.

हा प्रयोग मात्र पडद्यावरच उरकणे योग्य नव्हे. मेणबत्ती, ताटली व पेला खेड्यातील शाळेतही मिळतात. जे अतिसूक्ष्म, अतिदूर, धोकादायक किंवा फार वेगवान आहे त्यासाठी चित्रफीत. हाताने करता येते ते आधी हाताने, आणि नंतर संथ गतीने पडद्यावर. बी.एड.च्या पाठ टाचणांत शैक्षणिक साधनांच्या रकान्यात नुसते "चित्रफीत" एवढेच लिहिण्याचा प्रघात आहे. त्याऐवजी ती कोणत्या सेकंदाला थांबवावयाची आणि त्या वेळी कोणता प्रश्न विचारावयाचा, याची नोंद प्रशिक्षणार्थींकडून मागितली जावी.