कोल्हापूरचे बॉक्साइट आणि ठोकळ्यांची निवड

कोल्हापूर जिल्ह्याच्या पश्चिमेला, सह्याद्रीच्या माथ्यावर, जांभ्याची विस्तीर्ण पठारे आहेत. राधानगरी, शाहूवाडी आणि चंदगड या तालुक्यांतील काही पठारांवर जांभ्याच्या पोटात बॉक्साइट हे ॲल्युमिनियमचे धातुक सापडते. राधानगरी तालुक्यातील दुर्गमानवाड आणि चंदगड तालुक्यातील कासारसडा येथील खाणी खाणव्यवसायात सुपरिचित आहेत. या पट्ट्यातले बॉक्साइट बेळगावच्या ॲल्युमिना कारखान्याला पुरवले जात आले आहे. पठारावर हिंडणाऱ्याला मात्र सगळीकडे सारखाच तांबूस, खडबडीत जांभा दिसतो. त्याखाली धातुक कोठे आहे, किती जाडीचे आहे आणि त्यातले कोणते काढण्याजोगे आहे, याचा निवाडा आज संगणकावर होतो. त्यासाठी भूवैज्ञानिक जे अंकीय चित्र उभे करतात, त्याला ठोकळा प्रतिमान म्हणता येईल. खाणीत ते ‘ब्लॉक मॉडेल’ या नावानेच रूढ आहे. या प्रतिमानातील हजारो ठोकळ्यांतून हवे तेवढेच निवडून काढण्याची जी क्रिया, तिचा परिचय येथे करून द्यायचा आहे.

प्रथम या धातुकाची उत्पत्ती पाहू. दख्खनचा बेसाल्ट सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हारसापासून बनला. त्यात सिलिका निम्म्याच्या आसपास, तर ॲल्युमिना साधारण सातव्या हिश्शाएवढा असतो. उष्ण व दमट हवा, भरपूर पाऊस आणि मुरलेले पाणी वाहून नेणारी उंच, सपाट भूमी असा योग जुळून आला की दीर्घकाळात खडकातील सिलिका, चुना, मॅग्नेशिया व क्षार धुपून जातात. मागे लोह व ॲल्युमिनियम यांची सजल ऑक्साइडे उरतात. लोहाचा वरचष्मा राहिला तर जांभा बनतो आणि ॲल्युमिनियमचा राहिला तर बॉक्साइट. जांभ्याचे शास्त्रीय वर्णन फ्रान्सिस ब्यूकॅनन यांनी मलबारातील निरीक्षणांवरून १८०७ मध्ये प्रसिद्ध केले. बॉक्साइटची ओळख प्येअर बेर्त्ये यांनी १८२१ मध्ये फ्रान्समधील ले बो या गावाजवळच्या खडकावरून पटवली. कोल्हापूरच्या बॉक्साइटमध्ये गिब्साइट हे खनिज प्रमुख आहे. ते दाहक सोड्यात तुलनेने कमी तापमानाला विरघळत असल्याने कारखान्याच्या दृष्टीने सोयीचे ठरते.

या उत्पत्तीमुळेच येथील साठ्याचा आकार अवघड झाला आहे. वर कठीण जांभ्याचे कवच, त्याखाली बॉक्साइट, पुन्हा जांभा, मग लिथोमार्ज ही पांढुरकी-जांभळट चिकणमाती आणि तळाशी बेसाल्ट, असा साधारण क्रम आढळतो. बॉक्साइटचा थर अखंड चादरीसारखा नसतो. तो कोठे फुगतो, कोठे पातळ होतो, तर कोठे जांभ्यातच विरून जातो. त्याचा तळ तर विशेष उंचसखल असतो. काही मीटर जाडीच्या अशा थरात अर्ध्या मीटरची चूकसुद्धा लहान नव्हे. शेकडो मीटर खोल जाणाऱ्या तांब्याच्या साठ्यात जी चूक पचून जाते, तीच येथे साऱ्या हिशोबाचा पाया डळमळीत करते.

प्रतिमानाची सुरुवात वेधनछिद्रांपासून, म्हणजे बोअरहोलपासून होते. पठारावर ठरावीक अंतराने छिद्रे घेऊन ठरावीक खोलीच्या टप्प्यांनी नमुने काढतात व प्रयोगशाळेत त्यांतील ॲल्युमिना, सिलिका, लोह ऑक्साइड, टायटॅनियम ऑक्साइड यांचे प्रमाण काढतात. मग साठ्याचा संपूर्ण अवकाश विटा रचाव्यात तसा एकसारख्या ठोकळ्यांनी भरला जातो. समजा, २५ मीटर लांब, २५ मीटर रुंद आणि १ मीटर उंच असा ठोकळा धरला, तर त्याचे घनफळ ६२५ घनमीटर होते. घनता दर घनमीटरला २ टन मानल्यास त्याचे वजन १,२५० टन भरते. थराच्या कडेला असा ठोकळा ओबडधोबड पडतो, म्हणून तेथे त्याची तिन्ही बाजूंनी निम्म्याने विभागणी करून आठ उपठोकळे करतात. प्रत्येक ठोकळ्याला मध्यबिंदूचे तीन निर्देशांक असतात, आणि त्यापुढे रकानेच रकाने: खडकाचा प्रकार, ॲल्युमिना, सिलिका, घनता, सर्वेक्षणाची पातळी, मालकी हक्काची स्थिती. दोन छिद्रांच्या मधल्या ठोकळ्याला नमुन्याचा स्पर्शही झालेला नसतो. त्याची प्रत आसपासच्या नमुन्यांवरून अनुमानाने ठरवावी लागते. दक्षिण आफ्रिकेतील सोन्याच्या खाणींवर काम करणारे डॅनी क्रिग यांनी १९५१ मध्ये या अनुमानाला सांख्यिकीचा आधार दिला. पुढे फ्रान्सचे जॉर्ज मातेराँ यांनी त्यातून भूसांख्यिकी हे शास्त्र उभारले आणि पद्धतीला क्रिग यांच्या नावावरून ‘क्रिगिंग’ म्हटले. सर्पॅक, डेटामाइन, व्हल्कन, मायक्रोमाइन या खाण-प्रणाली हे सारे गणित आपल्या पोटात बाळगून असतात.

निवड किंवा गाळणी म्हणजे या ठोकळ्यांना घातलेली अट. अट पाळणारे ठोकळे पडद्यावर राहतात व हिशोबात धरले जातात. न पाळणारे दडवले जातात. ते पुसले मात्र जात नाहीत. अट काढली की सारे प्रतिमान पूर्ववत दिसते. त्यामुळे एकाच प्रतिमानाला निरनिराळे प्रश्न विचारता येतात. अटींचे तीन वर्ग मानता येतात: मूल्यावर आधारलेल्या, स्थानावर आधारलेल्या आणि दर्जावर आधारलेल्या. यांतला पहिला सर्वांत परिचित आहे, परंतु कोल्हापूरच्या पठारांवर खरी कसोटी दुसऱ्याची लागते.

मूल्याच्या अटीत किमान प्रतीची रेषा आखतात. ‘ॲल्युमिना ४० टक्क्यांहून अधिक’ ही अशी एक अट. बॉक्साइटला मात्र एवढ्याने भागत नाही. कार्ल योझेफ बायर यांनी १८८८ च्या सुमारास शोधलेल्या प्रक्रियेत धातुक दाहक सोड्यात विरघळवतात. त्या वेळी चिकणमातीतील क्रियाशील सिलिका सोड्याशी संयोग पावून त्याचा अपव्यय करते. प्रत्येक किलो अशा सिलिकेमागे जवळजवळ तेवढ्याच वजनाचा सोडा वाया जातो. म्हणून भरपूर ॲल्युमिना असलेला, पण लिथोमार्जची भेसळ झालेला ठोकळा कारखान्याला तोट्याचाच. ‘ॲल्युमिना अमुकहून अधिक आणि सिलिका तमुकहून कमी’ अशी दुहेरी अट येथे अपरिहार्य असते. ती आकडेवारी कायमची नसते. सोड्याचा भाव, वाहतुकीचा खर्च आणि कारखान्याची गरज बदलली की रेषाही सरकते.

स्थानाच्या अटी पृष्ठे, घनाकृती आणि सीमारेषा यांच्या आधारे घातल्या जातात. जमिनीच्या आजच्या पृष्ठभागाखालचे, बॉक्साइटच्या तळपृष्ठाच्या वरचे आणि खाणपट्ट्याच्या हद्दीच्या आतले ठोकळे तेवढे निवडायचे असतात. हद्दीलगतची ७.५ मीटर रुंदीची पट्टी सुरक्षेसाठी न खणता सोडावी लागते, तीही वगळायची. राधानगरी परिसरात याला आणखी एक पदर आहे. राधानगरी अभयारण्याचा समावेश २०१२ मध्ये जागतिक वारसा म्हणून मान्यता मिळालेल्या पश्चिम घाटाच्या स्थळांत झाला आहे, आणि अभयारण्यालगतच्या प्रदेशालाही संरक्षणाचे नियम लागू होतात. अभयारण्य, वनजमीन, वस्ती यांच्या सीमारेषा प्रतिमानात भरल्या की त्यांतील ठोकळे प्रतीने कितीही सरस असोत, खणण्याच्या यादीतून बाहेर पडतात. माझ्या मते या पठारांसाठी झऱ्यांच्या पाणलोटाचाही एक रकाना असायला हवा. सच्छिद्र जांभ्यात मुरलेले पावसाचे पाणी पठाराच्या कडेला झऱ्यांच्या रूपाने बाहेर येते आणि पायथ्याच्या वाड्या त्यावर जगतात. प्रतिमानाला नवा रकाना जोडणे तांत्रिकदृष्ट्या मुळीच कठीण नाही. तो जोडावा असे आधी वाटले पाहिजे.

सीमारेषा ठोकळ्याच्या मधूनच गेली तर काय करावे, हा या वर्गातला सर्वांत नाजूक प्रश्न आहे. पुष्कळदा ‘मध्यबिंदू आत, तर ठोकळा आत’ हा नियम लागू केला जातो. त्यानुसार थराच्या तळाशी ६० टक्के बॉक्साइट असलेला ठोकळा पूर्ण मोजला जातो आणि ४० टक्के असलेला पूर्णपणे सुटतो. मोठ्या साठ्यात या चुका परस्परांना खोडून काढतात. थर दोन-तीन मीटरच जाड असेल, तर मात्र जवळजवळ प्रत्येक ठोकळा एका ना एका सीमेला टेकलेला असतो आणि चूक उरतेच. उपठोकळे करणे किंवा ठोकळ्याचा किती भाग आत आहे हे स्वतंत्र रकान्यात नोंदवणे, हे दोन उपाय आहेत. पठारावरच्या बॉक्साइटसाठी मी दुसरा पसंत करतो, कारण त्यात वजनाचा हिशोब ठोकळ्याच्या आकारावर कमीत कमी अवलंबून राहतो.

दर्जाच्या अटी सर्वेक्षण किती सखोल झाले आहे, यावर बसतात. खनिजाच्या अस्तित्वाच्या पुराव्यासंबंधीच्या २०१५ च्या केंद्रीय नियमांनी प्राथमिक टेहळणीपासून सविस्तर पूर्वेक्षणापर्यंत चार पातळ्या मानल्या आहेत, जी-४ ते जी-१. साठ्याचे वर्गीकरण आर्थिक, तांत्रिक आणि भूवैज्ञानिक अशा तीन अक्षांवरील अंकांनी करतात. विरळ छिद्रांच्या आधारे अनुमानलेला ठोकळा दाट छिद्रांमधल्या ठोकळ्याच्या पंक्तीला बसवता येत नाही.

अनेक अटी ‘आणि’, ‘किंवा’, ‘नाही’ या तार्किक दुव्यांनी जोडल्या जातात. सर्पॅकमध्ये प्रत्येक अटीला ए, बी, सी याप्रमाणे रोमन अक्षर मिळते आणि शेवटी त्या अक्षरांचे सूत्र लिहून साऱ्या अटींची संचिका, म्हणजे फाइल, जपून ठेवता येते. सूत्रातील कंसांना फार महत्त्व आहे. ‘ए किंवा बी, आणि सी’ यात कंस पहिल्या जोडीभोवती आहे की दुसऱ्या, यावर उत्तर सर्वस्वी बदलते. अटींची संचिका नाव व दिनांकासह जतन करणे हा केवळ टापटिपीचा भाग नाही. सहा महिन्यांनी तोच आकडा पुन्हा काढून दाखवता आला नाही, तर तो आकडा कोणाच्याही कामाचा राहत नाही.

आता एक धोका जवळून पाहू. ज्या ठोकळ्याजवळ नमुनाच नाही, त्याच्या रकान्यात प्रणाली एखादे खुणेचे मूल्य ठेवते, बहुधा उणे ९९. काही जुन्या छिद्रांत ॲल्युमिनाचे पृथक्करण झाले, पण सिलिकेचे झाले नाही, असे समजा. त्या छिद्राभोवतीच्या ठोकळ्यात ॲल्युमिना ४५ टक्के आणि सिलिका उणे ९९ अशी नोंद राहील. ‘सिलिका ४ टक्क्यांहून कमी’ ही अट तो ठोकळा निर्धास्तपणे ओलांडतो, कारण उणे ९९ हे ४ पेक्षा कमीच आहे. सारख्या वजनाचे २०० ठोकळे निवडले गेले, त्यांतील १९९ ठोकळ्यांत सिलिका ३ टक्के आणि एकात उणे ९९ असेल, तर सरासरी २.४९ टक्के येते. हा आकडा पाहून कोणालाही शंका येणार नाही, उलट साठा अधिक चांगला असल्याचा आनंद होईल. म्हणून सिलिकेच्या प्रत्येक अटीला ‘आणि शून्याहून अधिक’ ही जोड द्यावीच लागते. खुणेसाठी शून्य वापरले असेल तर फसगत आणखी बेमालूम होते.

निवडलेल्या ठोकळ्यांचा अहवाल मांडताना सरासरी वजनानुसार काढायची असते. १,२५० टनांचा ४६ टक्क्यांचा एक ठोकळा आणि ६२५ टनांचा ४० टक्क्यांचा दुसरा यांची साधी सरासरी ४३ येते, वजनानुसार ती ४४ येते. पुढे किमान प्रतीची रेषा टप्प्याटप्प्याने वर नेत प्रत्येक वेळी टनभार व सरासरी प्रत नोंदवली, की दोन वक्र मिळतात. रेषा चढते तसा टनभार घटतो व प्रत वाढते. कोल्हापूरच्या खंडित साठ्यांत या आलेखाबरोबर ठोकळ्यांचे नकाशेही पाहावेत असा माझा आग्रह आहे. कारण रेषा वर नेताना उरलेले ठोकळे कित्येकदा एकमेकांपासून तुटून जांभ्यात इतस्ततः विखुरतात. कागदावर तो टनभार खरा असतो, पण मधला जांभा फोडल्यावाचून उत्खनक यंत्र त्यांच्यापर्यंत पोहोचत नाही. एकटे पडलेले ठोकळे वगळणे किंवा मधला जांभा मिसळून येणारी खरी प्रत मोजणे, हे काम प्रणालीच्या एका आज्ञेने होत नाही. तेथे पठार पायी पाहिलेला भूवैज्ञानिक लागतो.

खणकाम सुरू झाल्यावर निवडीला नवा उपयोग मिळतो. ठरावीक काळाने खाणीचे मोजमाप करून नवे पृष्ठ तयार करतात. जुन्या पृष्ठाखालचे आणि नव्या पृष्ठाच्या वरचे ठोकळे निवडले की त्या काळात काढलेल्या धातुकाचा अंदाजी टनभार व प्रत मिळते. तिची तुलना काट्यावरच्या वजनाशी आणि कारखान्यातील पृथक्करणाशी करतात. काट्यावर ओलाव्यासह वजन होते, तर प्रतिमानातील घनता बहुधा कोरड्या खडकाची असते. म्हणून ओलावा वजा केल्यावाचून ही तुलना करू नये, विशेषतः पावसाळ्याच्या आगेमागे. फरक सतत एकाच दिशेने येत असेल, तर घनता, तळपृष्ठ किंवा मध्यबिंदूचा नियम यांपैकी काहीतरी दुरुस्त करावे लागते. काढून झालेल्या ठोकळ्यांना ‘खणलेला’ असा निराळा संकेतांक देतात, आणि खड्डा जांभ्याने भरून वर राखून ठेवलेली माती पसरली की तो संकेतांक ‘भरलेला’ असा बदलतात. झाडे कोठवर लावता येतील, हे त्या वर्षी याच निवडीवरून ठरते.