पाट उचला, खुर्ची मांडा!

दिवाळी हा दिव्यांचा सण खरा. पण जरा निरखून पाहिले तर तो पाटावर बसण्याचाही सण आहे. नरकचतुर्दशीला उटणे लावून घ्यायचे ते पाटावर, फराळाची पंगत पाटावर, आणि भाऊबीजेला ओवाळून घ्यायचे तेही पाटावरच. अशा घरात एखाद्या वडीलधाऱ्या माणसाचा खुब्याचा सांधा नुकताच बदललेला असला, तर सर्वांत आधी उचलून ठेवायची वस्तू कोणती? तोच रांगोळी घातलेला पाट!

बीडहून सोलापूरकडे जाणाऱ्या रस्त्यावर, मांजरसुंबा मागे पडला की चौसाळा लागते. गाव मोठे, बाजारपेठेचे. पण घरातली बैठक अजून बरीचशी जमिनीवरची. मुलगा पुण्याला किंवा संभाजीनगरला नोकरीस, आणि आईवडील गावी, अशी कुटुंबे आपल्या वाचकांत पुष्कळ असतील. शस्त्रक्रिया शहरात होते, टाके निघतात, आणि आई म्हणते, “आता मला माझ्या घरी नेऊन सोड.” तिला न्यावे अवश्य, पण तिच्या आधी तिची खुर्ची घरी पोहोचली पाहिजे.

सांधा निसटतो कसा?

खुब्याचा सांधा म्हणजे वाटीत बसलेला चेंडू. मांडीच्या हाडाचे वरचे गोल टोक हा चेंडू, आणि कमरेच्या हाडातील खोलगट जागा ही वाटी. इंग्लंडमधील राइटिंग्टन रुग्णालयात जॉन चार्नली या शल्यविशारदाने धातूचा चेंडू आणि टणक पॉलिथिनची वाटी यांची जोडी १९६२ साली रुग्णांना बसवली, आणि आजच्या शस्त्रक्रियेचा पाया घातला गेला. त्याआधी त्याने टेफ्लॉनची वाटी वापरून पाहिली होती. ती थोड्याच वर्षांत झिजून गेली. पण चार्नलीचे रुग्ण खुर्चीवर बसून जेवणारे होते. मांडी घालणे, उकिडवे बसणे, चुलीपुढे वाकणे हा आपला दिनक्रम त्यांच्या गावीही नव्हता.

पुष्कळ शस्त्रक्रियांत सांध्यापर्यंत मागच्या बाजूने पोचतात. तेथील स्नायू आणि सांध्याभोवतीचे आवरण कापून पुन्हा शिवावे लागते. ही शिवण पक्की होण्यास काही आठवडे जातात. तेवढ्यात मांडी पोटाकडे फार दुमडली, पाय आत वळला किंवा पायावर पाय टाकला, तर चेंडू मागच्या बाजूने वाटीबाहेर निसटू शकतो. म्हणून साधारणपणे सहा ते बारा आठवडे एक सूत्र सांगतात: बसल्यावर गुडघा खुब्यापेक्षा वर जाता कामा नये. शस्त्रक्रिया पुढच्या बाजूने झाली असेल, तर पथ्ये वेगळी आणि पुष्कळदा सैल असतात. तेव्हा आपल्या शल्यविशारदाचा शब्द अखेरचा मानावा.

खुर्ची कशी निवडावी?

रुग्णाला चपला घालून उभे करावे आणि गुडघ्यामागच्या घडीपासून जमिनीपर्यंतचे अंतर मोजावे. बैठक त्याहून दोनेक इंच उंच हवी. फार उंचही नको. पावले अधांतरी लोंबकळली, तर मांडीखाली दाब येतो. ठेंगण्या बाईला जी खुर्ची पुरते, ती उंच माणसाला पुरेलच असे नाही.

खुर्चीला दोन भक्कम हात असावेत, पाठ सरळ असावी, आणि बैठक कठीण असावी. दिवाणखान्यातला मऊ सोफा दिसतो सुखाचा. पण माणूस त्यात रुतला की गुडघे वर येतात. तीच गोष्ट सैल विणीच्या बाजेची. बंगई, झुलती खुर्ची, फिरती खुर्ची आणि हलकी, घसरणारी प्लॅस्टिकची खुर्ची यांनाही काही महिने रजा द्यावी.

नवी खुर्ची घ्यायलाच हवी असे नाही. घरच्या जुन्या लाकडी खुर्चीच्या पायांखाली गावच्या सुताराकडून चार सारखे ठोकळे करून घ्यावेत. ठोकळ्यांना खाच असावी, म्हणजे पाय त्यात घट्ट बसेल. किंवा बैठकीवर वाकळेची घट्ट घडी बांधावी. मात्र घडी फार जाड झाली, तर खुर्चीचे हात खाली राहतात आणि उठताना त्यांचा आधार मिळत नाही. आधी घरातल्या धडधाकट माणसाने चारदा उठबस करून पाहावी.

बसावे कसे, उठावे कसे?

वॉकर घेऊन पाठमोरे मागे सरकावे. खुर्ची पिंढऱ्यांना लागली की थांबावे. शस्त्रक्रियेचा पाय थोडा पुढे टाकावा, एकेक हात मागे नेऊन खुर्चीचे हात धरावेत, आणि हळूहळू टेकावे. उठताना आधी बैठकीच्या कडेपर्यंत सरकावे, तोच पाय पुढे ठेवावा, आणि हातांनी खुर्ची दाबून उठावे. वॉकर ओढून उठू नये, तो उलटतो.

एका बैठकीला अर्धा-पाऊण तास पुरे. मग घरातल्या घरात एक फेरी मारावी. बसल्या बसल्या पावले वरखाली हलवीत राहावे, म्हणजे पायांतले रक्त साकळत नाही. पायाला सूज वाटली, तर पाठीवर निजून पाय उशीवर घ्यावेत. खाली पडलेला चष्मा वाकून उचलू नये; वाकण्यानेही खुबा तितकाच दुमडतो. पाणी, औषधे, फोन आणि जपमाळ हाताशी उंच स्टुलावर ठेवावीत. शौचासाठी कमोडची खुर्ची आणि न्हाणीत उंच, न घसरणारे स्टूल हवेच.

दिवाळी संपल्यावर

हे सारे बारकावे कशासाठी? भाऊबीज आटोपली की मुले आपापल्या कामाला परततात. बीड जिल्ह्यात तर दिवाळीच्या सुमारास लाखो माणसे कोयता घेऊन ऊसतोडीला निघतात, आणि घरोघरी उरतात ती म्हातारी माणसे. अशा घरी शेजारीण हाक मारल्यावर येईल. पण प्रत्येक वेळी उठवायला येणार नाही. योग्य उंचीची खुर्ची असेल, तर आई स्वतः उठते, स्वतः पाणी घेते, दार उघडते. नसेल, तर दिवसभर अंथरुणाला खिळते किंवा घाईने उठताना पडते.

निघण्यापूर्वी मुलांनी चार धोक्याच्या खुणा शेजारणीलाही सांगून ठेवाव्यात. पिंढरी दुखून सुजली, जखमेतून स्राव येऊ लागला किंवा ताप भरला, तर त्याच दिवशी डॉक्टरांना गाठावे. एकाएकी कळ येऊन पाय आखूड किंवा वेडावाकडा दिसू लागला, तर रुग्णाला उभे न करता गाडी बोलवावी. छातीत दुखून धाप लागली, तर क्षणाचाही विलंब नको.

आणि एक गोष्ट मनाची. देवापुढे किंवा पंगतीत आपण एकटेच उंच बसायचे, याचा जुन्या माणसांना संकोच वाटतो. “सगळी खाली आणि मी वर?” असे म्हणून आई हट्टाने पाट मागते. त्यावर वाद घालण्यापेक्षा सोपा उपाय म्हणजे सर्वांनीच खुर्च्या आणि स्टुले मांडून जेवावे. भाऊबीजेला भावाला आणि बहिणीला, दोघांनाही खुर्चीवर बसवावे. ओवाळणीचे ताट तेवढे उंच धरले की झाले. पुढे सांधा पक्का झाल्यावर मांडी घालता येईल का, हे डॉक्टरच सांगतील. काहींना परवानगी मिळते, काहींना नाही. तोवर पाट भिंतीशी उभा राहिला, म्हणून देव काही रागावत नाही.